शाळा आणि पेट्रोलपंप : अंतराचा विचार

ज्या रस्त्यानें गांवाची भरभराट येते त्याच रस्त्यानें गांवाच्या चिंताहि येतात. तालुक्याचें गांव वाढूं लागलें म्हणजे प्रथम रस्ता रुंद होतो. मग त्याच्या कडेस दुकानें, दवाखाने, मंगलकार्यालयें उभीं राहतात. वाहनें वाढलीं म्हणून पेट्रोलपंप येतो. आणि मुलांना येण्याजाण्यास सोपें पडावें म्हणून त्याच रस्त्यावर शाळाहि येते. यांत कोणाचा दुष्ट हेतु नसतो. पंपवाल्यास गिऱ्हाईक पाहिजे, शाळेस विद्यार्थी पाहिजेत, आणि दोघांसहि मोक्याची जागा पाहिजे. मोक्याच्या जागा थोड्या असल्यामुळें हे दोघे एकमेकांचे शेजारी होतात; आणि हा शेजार मुलांच्या प्रकृतीस कितपत मानवेल, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. तोच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

भोकरदन हें कांहीं कालपरवां वसलेलें गांव नव्हे. प्राचीन भोगवर्धन तें हेंच. सांची व भारहुत येथील स्तूपांवर ज्या दात्यांचीं नांवें कोरलीं आहेत त्यांत भोगवर्धनचे रहिवासीहि आहेत. आणि केळणा नदीच्या कांठच्या या गांवीं १९७३ सालीं झालेल्या उत्खननानें सातवाहनकालीन वैभवाचे अवशेष उजेडांत आणले. दोन हजार वर्षांपूर्वींहि हें गांव व्यापारामुळेंच नांवारूपास आलें होतें. त्या काळीं बैलांचे तांडे येत आणि चारा-पाणी घेऊन पुढें जात. त्यांच्या चाऱ्यापाण्यानें शेजारच्या पाठशाळेंतील बटूंची छाती बिघडण्याचें कारण नव्हतें. आज जालना, सिल्लोड, जाफराबाद इकडून येणाऱ्या वाहनांस जो चारा लागतो तो निराळ्या जातीचा आहे, आणि म्हणून तो कोठें सांठवावा व कोठें वाढावा याचा विचार निराळ्या रीतीनें करणें प्राप्त झालें आहे.

वासांत काय असतें?

पंपाजवळून जातांना जो गोडसर, उग्र वास येतो तो कित्येक मुलांना आवडतोहि. हा वास म्हणजे हवेंत मिसळलेली पेट्रोलची वाफच होय. पेट्रोल अतिशय लवकर उडून जातें. पाणी गोठतें त्याहून चाळीस अंश अधिक थंडी असली तरी त्याची वाफ ठिणगीनें पेटूं शकते. म्हणूनच १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यांत तें अत्यंत ज्वालाग्राही अशा 'अ' वर्गांत मोडतें. ही वाफ हवेपेक्षां तीन-चार पट जड असते. ती जमिनीलगत रेंगाळते. आणि जमिनीच्या अधिक जवळ कोणाचें नाक असतें, हें घरांत लहान मुलें असणाऱ्यांस सांगावयास नको.

ही वाफ बाहेर पडते कशी, हें समजण्यास मोठें शास्त्र नको. अरुंद तोंडाच्या घागरींत पाणी ओततांना आंतील हवा बुडबुडे करीत बाहेर येते, हें आपण रोज पाहतों. पंपाच्या भूमिगत टाकींतहि तेंच घडतें. टँकरमधून १२,००० लिटर पेट्रोल टाकींत सोडलें कीं जवळजवळ तितकीच वाफमिश्रित हवा टाकीच्या उंच नळीवाटे बाहेर ढकलली जाते. दुचाकीच्या टाकींत दोन लिटर पेट्रोल घेतलें तर दोन लिटर वाफमिश्रित हवा भरणाऱ्याच्या तोंडासमोर येते. शिवाय सांडलेले थेंब उडून जातात ते निराळेच. अशा रीतीनें पंप चालू असेपर्यंत थोडी थोडी वाफ सतत सुटत राहते, आणि टँकर रिकामा होत असतां तिचा एकदम लोट येतो.

या वाफेंत पुष्कळ द्रव्यें असतात. पण त्यांतील एकाचें नांव गृहस्थांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तें म्हणजे बेंझीन. १८२५ सालीं मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञानें दिव्याच्या गॅसपासून राहिलेल्या तेलकट अंशांतून तें प्रथम वेगळें काढलें. रंग, औषधें, गोंद अशा अनेक धंद्यांत त्याचा उपयोग होऊं लागला. मनुष्याच्या शरीरावर त्याचा परिणाम काय होतो, याचें ज्ञान मात्र कारखान्यांतील गरीब कामगारांच्या जिवावर मिळालें. इस्तंबूल येथील डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनीं १९७४ सालीं दाखवून दिलें कीं बेंझीन असलेला गोंद वापरणाऱ्या चर्मकार कारागिरांत रक्ताच्या कर्करोगाचें प्रमाण वाढलें आहे. बेंझीन हाडांतील मगजावर, म्हणजे जेथें रक्त तयार होतें त्या ठिकाणींच घाव घालतें. जागतिक आरोग्य संघटनेची जी कर्करोग-संशोधन संस्था फ्रान्समध्यें लियाँ येथें आहे, तिनें बेंझीनला मनुष्यांत निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटांत घातलें आहे. २०१२ सालीं तिनें डिझेलच्या धुरास त्याच गटांत बसविलें, आणि २०२५ सालीं खुद्द मोटारींच्या पेट्रोलासहि तेथेंच नेऊन ठेवलें. बेंझीनचें अमुक प्रमाण निर्धास्त, असें म्हणतां येत नाहीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अभिप्राय आहे.

थोडें गणित

शिक्षकाची जुनी खोड म्हणून थोडें गणित मांडतों. वाचकांनीं कंटाळूं नये. भारतांत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलांत बेंझीनचें प्रमाण शेंकडा एक भागाहून अधिक नसावें असा नियम आहे. म्हणजे एका लिटरांत अधिकांत अधिक १० मिलिलिटर, वजनानें सुमारें ८.८ ग्रॅम. दुसरीकडे, आपल्या देशाच्या हवेसाठीं २००९ सालीं जीं मानकें ठरलीं त्यांत बेंझीनची वार्षिक सरासरी एका घनमीटरास ५ मायक्रोग्रॅमपर्यंतच असावी असें म्हटलें आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमाचा दहा लाखावा भाग. आतां भागाकार करावा : एका लिटरांतील बेंझीन सुमारें १७ लाख ६० हजार घनमीटर हवेस त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोंचविण्यास पुरे आहे. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा वर्गांत १८० घनमीटर हवा मावते. असे साडेनऊ हजारांहून अधिक वर्ग त्या एका लिटरास पुरून उरतील.

प्रत्यक्षांत वारा वाहतो, वाफ पातळ होते, आणि विकलेल्या पेट्रोलाचा अगदीं लहान अंशच उडून जातो, हें खरें आहे. आमच्या गणिताचा हेतु इतकाच कीं हें द्रव्य किती थोड्या मापांत मोजावें लागतें याची कल्पना यावी. वारा पडलेल्या दिवशीं, पंपाच्या अगदीं लगतच्या खिडकींत, थोडेंहि पुष्कळ होऊं शकतें.

दुसरें गणित वेळेचें. वाहनधारक पंपावर पांच मिनिटें थांबतो आणि जातो. शाळेंतील मूल तेथेंच बसतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षाला किमान ८०० तास, व सहावी ते आठवीच्या वर्गांस किमान १,००० तास अध्यापन झालें पाहिजे. आठ वर्षांचे मिळून ७,००० तास होतात. त्यांत मधली सुटी, खेळ, कवाईत धरलेली नाहीं. हे सात हजार तास शरीराच्या वाढीचे आहेत. आणि वजनाच्या मानानें पाहिलें तर मूल प्रौढ मनुष्यापेक्षां अधिक हवा आंत घेतें. घरांत आपण दूध, पाणी, भाजी यांची पारख करतों. परंतु शाळेंतील हवेची पारख करण्याचें काम कोणाकडेच सोंपविलेलें नसतें.

संशोधकांचा अनुभव

पंपाशेजारीं राहिल्यानें मुलांस खरोखर अपाय होतो काय, याचा शोध कांहीं देशांत घेतला गेला आहे. फ्रान्समधील संशोधकांनीं २००४ सालीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी अशीं २८० मुलें व जवळजवळ तितकींच हा रोग नसलेलीं मुलें यांची तुलना केली. पेट्रोलपंप अथवा मोटारदुरुस्तीचें दुकान यांस लागून राहणाऱ्या मुलांत तीव्र स्वरूपाच्या या रोगाचें प्रमाण सुमारें चौपट दिसून आलें. त्याच देशांत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत वाढ दिसली, पण ती सुमारें दीडपटीहून थोडी अधिक, म्हणजे पहिल्यापेक्षां पुष्कळ कमी होती. तेव्हां चौपटीचा आंकडा हातीं घेऊन गांवांत घबराट पसरविणें योग्य होणार नाहीं. हा रोग मुलांत मुळांतच विरळा आहे. पंपाशेजारच्या शाळेंत गेलेल्या बहुतेक मुलांस तो कधींहि होणार नाहीं. परंतु दोन्ही पाहण्यांचें बोट एकाच दिशेस वळलेलें आहे, हेंहि नाकारतां येत नाहीं.

अंतर किती असावें, याबद्दलहि मोजणी झालेली आहे. स्पेनमधील मुर्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१० सालीं पंपांभोंवतालची हवा तपासून असें सुचविलें कीं घरें पंपापासून किमान ५० मीटर, आणि शाळा, रुग्णालयें व वृद्धाश्रम किमान १०० मीटर दूर असावींत. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्याच्या हवामंडळानें २००५ सालीं मोठ्या पंपांकरितां ३०० फुटांचें, म्हणजे सुमारें ९१ मीटरांचें अंतर सुचविलें. पुढें २०१८ सालीं अमेरिकेंतील दोन पंपांच्या नळ्यांवाटे प्रत्यक्ष किती वाफ सुटते हें मोजलें असतां ती पूर्वींच्या अंदाजाहून कितीतरी अधिक निघाली, आणि एका पंपाच्या बाबतींत तासाभराची सुरक्षित मर्यादा १६० मीटरांपर्यंत ओलांडली जाण्याचा संभव दिसला.

पूर्ण पुरावा हातीं येईपर्यंत थांबावें, असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही पेट्रोलांतील शिशाची आठवण देतों. १९२१ सालीं अमेरिकेंत एंजिनाचा खडखडाट थांबविण्याकरितां पेट्रोलांत शिशाचें संयुग घालण्याची युक्ति निघाली. शिसें विषारी आहे हें तेव्हांहि ठाऊक होतें. तरी पुराव्याचा वाद चालतां चालतां दशकें लोटलीं, आणि त्या अवधींत जगभरच्या मुलांच्या रक्तांत शिसें जाऊन त्यांच्या बुद्धीच्या वाढीस बाध आला. भारतांत सर्वत्र शिसेंविरहित पेट्रोल सुरू झालें तें १ फेब्रुवारी २००० पासून. आणि जगांतील शेवटच्या देशांतून, अल्जीरियांतून, शिशाचें पेट्रोल हद्दपार झालें तें २०२१ सालीं. शंभर वर्षांच्या विलंबाची किंमत वादी-प्रतिवाद्यांपैकीं कोणीं दिली नाहीं. ती मुलांनीं दिली.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशांत या बाबतींत अगदींच मोकाट कारभार आहे असें नाहीं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें ७ जानेवारी २०२० रोजीं नव्या पंपांसाठीं मार्गदर्शिका काढली. तिच्याप्रमाणें शाळा, दहा किंवा अधिक खाटांचें रुग्णालय, अथवा कायद्यानें ठरलेली निवासी वस्ती यांपासून ५० मीटरांच्या आंत नवा पंप नसावा. जागेची खरीच अडचण असेल तर नागपूर येथें मुख्य कचेरी असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेनें सांगितलेले जादा उपाय योजावे. पण कोणत्याहि परिस्थितींत तें अंतर ३० मीटरांहून कमी होऊं नये. अंतर मोजावयाचें तें पंपाच्या फाटकापासून नव्हे, तर टाकी भरण्याचें तोंड, पेट्रोल देणारें यंत्र व वाफ सोडणारी नळी यांपैकीं जें शाळेच्या सर्वांत जवळ असेल तेथून, सरळ रेषेंत.

हा विचार परकी आहे असेंहि कोणी समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगराच्या व्यवस्थेचा जो अध्याय आहे त्यांत अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांस एका ठिकाणीं वसवावें असें सांगितलें आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत, मोठ्या समुदायांस एकाच वेळीं रोग कां ग्रासतात याचें विवेचन करतांना, बिघडलेल्या वायूस कारणांमध्यें स्थान दिलें आहे. उपयुक्त धंदा चालावा, पण त्याची झळ वस्तीस लागूं नये, ही नगररचनेची जुनीच रीति होय. आधुनिक कायद्यानें तिला 'सावधगिरीचें तत्त्व' असें नांव दिलें. १९९६ सालीं वेल्लोरच्या कातडी कारखान्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें तें आपल्या देशाच्या कायद्याचा भाग मानलें, आणि २०१० च्या कायद्यानें हरित न्यायाधिकरणास त्या तत्त्वानुसार निवाडे देण्यास सांगितलें.

मात्र एक तुलना मनांत आल्यावांचून राहत नाहीं. २००३ च्या कायद्यान्वयें शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारें ९१ मीटरांच्या आंत तंबाखू विकण्यास मनाई आहे. तंबाखूपर्यंत मुलाला पैसे घेऊन चालत जावें लागतें. पेट्रोलची वाफ स्वतः चालत मुलाकडे येते. तरीहि तंबाखूस ९१ मीटर आणि पेट्रोलास ५०, क्वचित् ३०.

लहान गांवाची अडचण

आतां आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतों. मोठ्या शहरांत या वाफेवर यंत्राचा उपायहि आहे. टँकर रिकामा होतांना टाकींतील वाफ पुन्हां टँकरमध्येंच ओढून घेतात, आणि वाहनांत पेट्रोल भरतांना नळीच्या तोंडाशीं सुटणारी वाफ परत टाकींत नेतात. मंडळानें हें यंत्र सक्तीचें केलें आहे तें एक लक्षाहून अधिक लोकवस्तीच्या शहरांतील ठराविक खपाच्या पंपांस. भोकरदनची वस्ती लाखाच्या कितीतरी आंत आहे. अंबड, परतूर, जाफराबाद हीं जिल्ह्यांतील इतर तालुक्याचीं गांवेंहि तशींच. म्हणजे संभाजीनगरच्या मुलास अंतर आणि यंत्र अशा दोन ढाली मिळूं शकतात. भोकरदनच्या मुलास एकच, ती अंतराची. जेथें ढाल एकच आहे तेथें तिच्यांत भोंक पडूं देणें परवडणारें नाहीं.

आणि भोंकें आहेतच. मार्गदर्शिका नव्या पंपांसाठीं आहे. २०२० च्या पूर्वीं जे पंप शाळेच्या कुशींत येऊन बसले त्यांस ती हलवीत नाहीं. दुसरें भोंक याहून मोठें, आणि तें आपल्या हातचें आहे. ही मार्गदर्शिका पंपाला सांगते कीं शाळेजवळ जाऊं नको. पण शाळेला सांगत नाहीं कीं पंपाजवळ येऊं नको. तालुक्याच्या गांवीं नव्या शाळा निघतात त्या बहुधा गांवाबाहेरच्या हमरस्त्यावर, जेथें जमीन स्वस्त आणि बस थांबण्यास सोपें असतें. आणि तेथें पंप आधींच उभा असतो. अशा शाळेच्या चालकांस पंपवाल्यावर रागावण्याचा अधिकार काय? तो तर त्यांच्या आधींपासून तेथें आहे. अंतर दोन्ही टोंकांकडून राखलें जातें, तेव्हांच तें अंतर राहतें. आमच्या मतें हा या विषयाचा गाभा आहे. सरकारनें पंपाचें टोंक धरलें आहे. शाळेचें टोंक संस्थाचालकांनीं आणि पालकांनीं धरलें पाहिजे.

कांहीं आक्षेप

पंप नकोत, असें आमचें म्हणणें नाहीं. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरास डिझेल पाहिजे, रुग्णवाहिकेस पाहिजे, शाळेच्या बसलाहि पाहिजे. पंप गांवाची गरज आहे, आणि पंपचालकहि आपल्याच गांवचे सद्गृहस्थ असतात. त्यांच्याकडे दिवसभर उभे राहून पेट्रोल भरणारे तरुण तर आपल्याच घरचे, आणि सर्वांत अधिक वाफ त्यांच्याच वाट्यास येते. तेव्हां वाफ कमी करण्याचा प्रत्येक उपाय प्रथम त्यांच्या हिताचा आहे.

दुसरा आक्षेप असा कीं बेंझीन वाहनांच्या धुरांतहि असतें, मग एकट्या पंपासच दोष कां? हें खरें आहे. म्हणूनच शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकासमोर रिक्षा व मोटारी एंजिन चालू ठेवून उभ्या असतात ती चाल बंद झाली पाहिजे. पण रस्त्यावरचें वाहन येतें आणि जातें. पंप आणि शाळा दोघेहि वर्षानुवर्षें जागच्या जागीं राहतात. एकदां चुकलेली जागा पिढ्यान् पिढ्या चुकलेलीच राहते. विजेवरच्या गाड्या आल्या म्हणजे हा प्रश्न आपोआप मिटेल, असेंहि ऐकूं येतें. तसें होवो; परंतु तोंपर्यंत आज पहिलींत बसलेल्या मुलाचे सात हजार तास संपून गेलेले असतील.

करतां येण्यासारख्या गोष्टी

जेथें शाळा आणि पंप आधींच शेजारीं आहेत तेथें सर्वांत सोपा उपाय वेळेचा. टँकर रिकामा करण्याचें काम शाळेची घंटा होण्यापूर्वीं, शाळा सुटल्यानंतर, किंवा रविवारीं करावें. यास पैसा पडत नाहीं. मुख्याध्यापकांनीं चार प्रतिष्ठित पालकांसह पंपचालकांस भेटून शांतपणें विनंति केली तर ती सहसा अव्हेरली जाणार नाहीं. शाळेनेंहि आपल्या बाजूनें बालवर्ग पंपाच्या विरुद्ध दिशेच्या खोल्यांत न्यावे, प्रार्थना व खेळ दूरच्या अंगणांत घ्यावे. कुंपणाशीं झाडें लावलीं तर सावली मिळेल. पण झाडांच्या रांगेनें अंतराची उणीव भरून निघते, अशा समजांत राहूं नये. वाफ परत ओढणारें यंत्र सक्तीचें नसलें तरी बसविण्यास मनाई नाहीं. वांचलेली वाफ म्हणजे वांचलेलें पेट्रोल, हें व्यापाऱ्यास निराळें सांगावें लागूं नये.

नवा पंप येणार असेल तर त्यास जिल्हाधिकाऱ्यांचें ना-हरकत प्रमाणपत्र लागतें. आपल्याकडे तें जालन्याहून मिळतें. हरकत घ्यावयाची ती त्या वेळीं घ्यावी. पाया खणून झाल्यावर आरडाओरडा करण्यांत शक्ति व्यर्थ जाते. जागेचा नकाशा व मोजलेलें अंतर यांची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें मागतां येते, आणि सामान्यतः तीस दिवसांत ती द्यावी लागते. त्यानेंहि काम न भागल्यास हरित न्यायाधिकरणाचें पीठ पुण्यास आहे. मात्र वादाचें कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत तेथें जावें लागतें, आणि सबळ कारण असल्यास फार तर आणखी साठ दिवस मिळतात. आळसानें ही मुदत गमावलेल्यांस मागाहून कायद्यास नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं.

नव्या शाळेच्या बाबतींत मात्र अर्ज, दावे कांहींच नको. केवळ विवेक पाहिजे. इमारतीसाठीं जमीन घेतांना संस्थाचालक पाणी पाहतात, रस्ता पाहतात, किंमत पाहतात. त्यांनीं पंपाचें अंतरहि पाहावें. ५० मीटर हा किमान पक्ष, १०० मीटर असल्यास उत्तम. सरकारी व अनुदानित शाळांतून जी व्यवस्थापन समिति असते तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या असा कायदा आहे. अशा समितीनें ठराव करून तो नगरपरिषदेकडे व शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठविला तर त्याचें वजन एकट्यादुकट्याच्या अर्जाहून अधिक पडेल. आमच्या सुशिक्षित भगिनींनीं या समित्यांतून नुसती सही करण्यापुरतें न बसतां हा प्रश्न हातीं घ्यावा. मुलाचा खोकला रात्रीं प्रथम त्यांनाच ऐकूं येतो.

घरांतहि दोन गोष्टी पाळण्यासारख्या आहेत. पेट्रोल भरावयाचें असतां मुलास दुचाकीच्या टाकीवर बसवून पंपावर नेऊं नये. आधीं घरीं सोडावें, किंवा तें न जमल्यास दूर उभें करावें. आणि बाटलींतून पेट्रोल आणून माजघरांत अगर जिन्याखालीं ठेवण्याची चाल तर सर्वस्वीं टाकावी. ती आगीच्या दृष्टीनेंहि भयंकर आहे.

आपल्या एकत्र कुटुंबांत मुलाला कोणत्या शाळेंत घालावें याची चर्चा कित्येक दिवस चालते. आजोबा निकाल विचारतात, वडील फी विचारतात, काका माध्यम विचारतात, आजी डबा कोठें खाणार तें विचारते. या चर्चेंत एका प्रश्नाची भर पडावी. प्रौढ मनुष्याचीं साधारण पासष्ट ते सत्तर पावलें म्हणजे पन्नास मीटर. येत्या जून महिन्यांत नातवंडाचें नांव शाळेंत घालण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं एकदां संध्याकाळच्या फेरफटक्यास शाळेकडे जावें, आसपास पंप असल्यास त्याच्यापासून शाळेच्या कुंपणापर्यंतचीं पावलें मोजावींत, आणि तीं सत्तरांहून कमी भरलीं तर मुख्याध्यापकांस भेटल्यावांचून घरीं परतूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.